सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पहिला अभ्यासक्रम: व्याख्यानांचा घ्यावा की प्रकल्पाचा?

विद्यापीठांत हा विषय प्रामुख्याने दोन प्रकारे शिकवला जातो. एका प्रकारात व्याख्याने आणि लेखी परीक्षा यांवर भर असतो. दुसऱ्यात चार-सहा विद्यार्थ्यांचा गट सत्रभर एकच प्रकल्प उभा करतो.

व्याख्यानांचा अभ्यासक्रम कंटाळवाणा असतो हा समज मला अन्यायकारक वाटतो, कारण मोठ्या चुकांचा शांतपणे अभ्यास करायला तिथेच सवड मिळते. एरियान ५ हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. ६४ बिटांत साठवलेली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नव्हती, आणि तो कोड एरियान ४ मध्ये बिनतक्रार चाललेला असल्यामुळे नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गानुसार तो पुन्हा तपासला गेला नव्हता. असा धडा विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पातून मिळणे कठीण आहे. मात्र वॉटरफॉलसारख्या (एक टप्पा पूर्ण झाल्यावरच पुढचा हाती घेण्याच्या) पद्धतींच्या आकृत्या पाठ करून घेण्यावरच सत्र संपणार असेल, तर हा पर्याय टाळावा.

प्रकल्पाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचावा लागतो, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. दोघांनी एकाच फंक्शनमध्ये वेगवेगळे बदल केले आणि गिटने (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) ते आपोआप एकत्र करण्यास नकार दिला, की कोणती ओळ ठेवायची हे एकमेकांशी बोलूनच ठरवावे लागते. ‘प्रणाली वेगवान असावी’ या वाक्यावरून चाचणी लिहिता येत नाही, ‘शंभर जण एकाच वेळी वापरत असतानाही उत्तर दोन सेकंदांत यावे’ यावरून लिहिता येते, हेही तिथे प्रत्यक्ष काम अडल्यावर कळते. दोष मूल्यमापनात आहे: सर्वांना सारखेच गुण मिळणार असतील, तर बहुतेक वेळा एक-दोघेच राबतात.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी प्रकल्पाविषयी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येकाच्या कामाची नोंद स्वतंत्रपणे तपासली जाते का, आणि सत्राच्या मध्यावर आवश्यकता (प्रणालीने काय करावे याच्या अपेक्षा) मुद्दाम बदलल्या जातात का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल आणि काहीशे ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवल्याचा अनुभव असेल, तर प्रकल्पाचाच अभ्यासक्रम निवडावा. तो अनुभव नसेल, तर गटात केवळ कागदपत्रांचे काम वाट्याला येण्याची शक्यता मोठी असते. अशा विद्यार्थ्याने आधी व्याख्यानांचा अभ्यासक्रम घेऊन त्याच सत्रात प्रोग्रॅमिंगचा सराव वाढवावा.