जुना हार्वेस्टर घेताय? इंजिनाचा दम भरल्या पिकात बघा

मी निफाड तालुक्यातला शेतकरी. पंजाबातल्या एका व्यापाऱ्याकडून जुना 14 फुटी हार्वेस्टर 9,40,000 रुपयांना घेतला. 7,90,000 बँकेतून, 1,50,000 रोख. दलालाला 25,000 आणि ट्रेलरचं भाडं 68,000 वेगळं. '101 एचपी, इंजिनाला हात लावलेला नाही' असं व्यापाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं.

इथे पहिल्याच गव्हात घातला आणि पिकाचा पूर्ण 14 फुटी पट्टा घेतला की इंजिन बसायला लागलं. काळा धूर, मळणीच्या ड्रमचा वेग पडलेला, काड मागे ढकलणाऱ्या वॉकरवर काड तुंबलेलं. शेतमालकानं मागून पडलेला भुसा ओंजळीत घेऊन माझ्यासमोर फुंकला, तर तळाला गहूच गहू. कापणी, मळणी, चाळणी आणि चाकं, सगळं एकाच इंजिनावर चालतं. ते दमलं की दाणे मागून जाणारच.

पंपवाल्यानं इंजिनाला डिझेल देणारा पंप उतरवला, तर सील तुटलेलं आणि डिझेल वाढवून ठेवलेलं. इंजिनाच्या रिंगा आणि लायनर झिजून संपलेले, ते लपवायला ऑइल घट्ट भरलेलं. आता इंजिन बांधायचा खर्च 2,15,000.

रात्री डोळ्यासमोर येतं ते एकच. ट्रायलला व्यापाऱ्यानं 14 फुटांपैकी जेमतेम सहा फूट पीक घेतलं, तेही पहिल्या गिअरमध्ये. मी म्हणालो, पूर्ण पट्टा घ्या. तो म्हणाला, 'काड ओलं आहे पाजी, बेल्ट घसरेल.' तिथेच कळायला हवं होतं! पण काड खरोखर दमट होतं, आणि अशा थापा मारण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यापुढे कोण टिकणार? आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच तापवून ठेवलेलं होतं. गार इंजिन स्वतः चालू करा. तापल्यावर ऑइलचं झाकण काढा, भसाभस धूर आला तर तिथूनच परत फिरा. आपला मेकॅनिक न्या; दलालाचा मेकॅनिक दलालाचाच असतो.

आणि पोलीस! 'हा दिवाणी मामला आहे', 'खरेदी पंजाबात झाली, तिकडे जा.' हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट आहे. हे सांगितलं तर साहेब म्हणाले, 'कायदा आम्हाला शिकवता?' साधी पोच देईनात. फसवणाऱ्याला राज्याची हद्द आडवी येत नाही, फक्त तक्रार करणाऱ्याला येते. शेवटी ग्रामीण अधीक्षकांना लेखी अर्ज दिला, अजून उत्तर नाही. ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर एक वकील म्हणे, हार्वेस्टर धंद्याचा, केस टिकणार नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी' धरलेली नाही. मी स्वतः स्टिअरिंगवर बसतो, मग माझा धंदा कसला? आता दुसरा वकील धरलाय.

रोख एक रुपयाही देऊ नका. माझ्या दीड लाखाची पावतीच नाही. ट्रायलचा व्हिडिओ काढा, आरपीएमचा काटा दिसेल असा. टाकी दाण्यांनी भरेपर्यंत, पूर्ण पट्ट्यात चालवायला लावा. इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. पावतीवर 'जशी आहे तशी' लिहून सही मागितली तर बयाणाही देऊ नका.

पंपवाल्याचा लेखी रिपोर्ट आणि उतरवलेल्या पंपाचे फोटो माझ्याकडे आहेत. नाशिक जिल्ह्यात आणखी कुणाला असाच हार्वेस्टर गळ्यात मारला असेल तर सांगा, तक्रार एकत्र देऊ.