बॅटरीवरचा स्टिम्युलस आयसोलेटर: रेड न्यूक्लिअसच्या कामाला कितपत पुरतो?

रॅटच्या मध्यमेंदूतल्या रेड न्यूक्लिअसला (हालचालींशी संबंधित पेशींचा पुंजका) करंट द्यायचा आणि त्याचा संदेश मज्जारज्जूतून खाली उतरला का, हे मागच्या पायाच्या ईएमजीवर (स्नायूंतल्या विद्युत हालचालीच्या नोंदीवर) बघायचं. जळगाव-धुळे-शिरपूरकडच्या कॉलेजांनी या कामासाठी देशी बनावटीचा, बॅटरीवर चालणारा स्थिर-करंट आयसोलेटर (अर्थिंगपासून अलग राहून ठरवलेला करंट देणारा डबा) घ्यावा का? घ्यावा, फक्त डायलवर भरवसा ठेवू नये.

आत ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या, म्हणजे एकूण ९० व्होल्ट. मेख इथेच आहे. इलेक्ट्रोडचा रोध ५०० किलोओम असेल तर १०० मायक्रोअँपियरला ५० व्होल्ट लागतात, ते आरामात मिळतात. रोध १ मेगाओमवर गेला की १०० व्होल्ट हवेत. डायल १०० दाखवत राहतो, जातात ९० आणि बॅटऱ्या उतरल्या असतील तर ७५. इशाऱ्याचा दिवा नाही. मग थ्रेशोल्ड (प्रतिसादासाठी लागणारा किमान करंट) वाढला म्हणून बिचाऱ्या भुलीला दोष दिला जातो.

उपाय स्वस्त आहे. इलेक्ट्रोडच्या रोधाइतका डमी रेझिस्टर लावून त्याच्या ओळीत १० किलोओमचा दुसरा जोडा. त्याच्यावर ऑसिलोस्कोपला १ व्होल्ट दिसला तर १०० मायक्रोअँपियर खरे. ही तपासणी टेबलावरच उरका. प्राणी जोडलेला असताना स्कोप लावला तर त्याच्या अर्थिंगमुळे आयसोलेशन संपतं आणि ईएमजीत ५० हर्ट्झची गुणगुण घुसते.

पल्स ०.२ मिलिसेकंद, तीन पल्स, मध्ये ३ मिलिसेकंद अंतर. एका पल्सवर बहुधा काही हलत नाही. तीन पल्सचा परिणाम मज्जारज्जूतल्या मधल्या पेशींवर साचतो आणि पाय आखडतो. रेड न्यूक्लिअसपासून मज्जारज्जूत उतरणारे रुब्रोस्पायनल तंतू मध्यमेंदूतच बाजू बदलतात, म्हणून उजवीकडे करंट दिला की डावा टिबिआलिस अँटेरिअर (नडगीपुढचा स्नायू) आधी उठायला हवा. दोन्ही पाय एकाच करंटला उडाले तर करंट आजूबाजूला सांडतोय. आकडा खाली आणा. शंका उरलीच तर डावा डॉर्सोलॅटरल फ्युनिक्युलस (मज्जारज्जूतला हे तंतू जातात तो पट्टा) छेदून बघा, प्रतिसाद बराचसा गेला पाहिजे. अर्थात, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीने मंजूर केलेल्या प्रोटोकॉलमध्ये हे बसत असेल तरच.

मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की कवटीवरचं सलाइन बघता बघता सुकतं. वर कोमट पॅराफिन तेल ओता. लोडशेडिंगचा या डब्याला फरक पडत नाही, हा मोठाच फायदा. बॅटऱ्या जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळतील. सोबतच्या वायरी मात्र टाकाऊ: केळी-पिन सैल, जरा धक्का लागला की सर्किट तुटतं. शिल्डेड वायर स्वतः डाखून घ्या.

मेसेन्सेफॅलिक लोकोमोटर रीजनवर (मध्यमेंदूतला, चालणं सुरू करणारा भाग) चालण्याचे प्रयोग करायचे असतील, १९६६ साली शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्हस्की यांनी मांजरावर केले तसे, तर हे मॉडेल नको. तिथे काही सेकंद सलग पल्स द्याव्या लागतात, आणि एकाच दिशेच्या पल्सने टोक गंजतं, ऊतीही जळते. दोन्ही दिशांचा, चार्ज समतोल ठेवणारा आयसोलेटरच मागवा.