थंड किनाऱ्याची बाग की दख्खनची? नाशिकच्या अंगणापुरता निवाडा

गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला बंगला बांधून होत आला की लँडस्केपवाला मोबाइलवर फोटो दाखवू लागतो. त्यातली निम्मी बाग इंग्लंडच्या नाहीतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची असते. मऊ हिरवळ, कडेला हायड्रेंजियाचे निळे गुच्छ, लॅव्हेंडरच्या रांगा, कातरून गोल केलेला बॉक्सवुड. बहावा, कामिनी, मोगरा, करवंद, कोरांटी असली दख्खनी बाग त्या फोटोंत क्वचितच दिसते, म्हणून तिचा विचारच होत नाही. दोन्हींतलं एक ठरवायचं असेल तर आधी पाऊस बघा.

लंडनला वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस पडतो. नाशिक शहरात ७०० च्या आसपास, म्हणजे त्याहून जास्तच. फरक वाटणीत आहे. त्यांचा पाऊस बारा महिने थोडा थोडा येतो, आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. त्यात तिकडची हवा समुद्र सांभाळतो. सॅन फ्रान्सिस्कोला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो, पण तेव्हा धुकं ऊन अडवतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला आणखी खाली, आणि एप्रिल-मे मध्ये चाळिशी गाठतो. एवढं अंतर झेलणारी झाडं त्या फोटोंत नाहीत.

हिरवळीचा हिशेब सरळ आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मे महिन्यात लॉनला दिवसाला ढोबळ पाच मिलिमीटर धरा. हजार चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या वर पाणी रोज जाणार, आणि नेमकं तेव्हाच जेव्हा सोसायटीत टँकरची चर्चा सुरू झालेली असते. इंग्लंडच्या हिरवळीतली राय किंवा फेस्क्यू ही गवतं इथल्या उन्हाळ्यात तग धरत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे लॉन म्हणून बहुधा हरळीचीच निवडक जात किंवा मेक्सिकन लावतात. दोन्ही उन्हाळा काढतात, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिवळट पडून वाढ थांबवतात. लोक तेव्हा माळ्याला बोल लावतात. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. लॉनच्या लाद्यांबरोबर आलेला लव्हाळा मात्र खरंच डोकेदुखी आहे. वरून उपटला तरी खालची गाठ शिल्लक राहते आणि तो पुन्हा उगवतो.

माती हा दुसरा अडसर. आपली काळी माती चुनखडीची, अल्कलीकडे झुकलेली. हायड्रेंजियाला निळा रंग येतो तो आम्लधर्मी मातीत, कारण तिथे त्याला ॲल्युमिनियम घेता येतं. इथे तो जगलाच तर गुलाबी फुलेल, आणि लोह न मिळाल्याने पानं पिवळी, शिरा हिरव्या, अशी कळा येईल. लॅव्हेंडरचं उलट: त्याला चुना चालतो, ओली मुळं चालत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या चिखलात ते कुजतं. हौस असेल तर लॅव्हेंडर आणि रोझमेरी कुंडीत ठेवा, मातीत भरपूर मुरूम-वाळू मिसळून, पावसात छपराखाली.

दख्खनी बागेचं कौतुक करणारे तिच्या खोडी सांगत नाहीत. पहिली दोन वर्षं ती रोपवाटिकेतल्या वाफ्यासारखी विरळ दिसते, आणि त्या दोन उन्हाळ्यांत तिलाही पाणी द्यावंच लागतं. मार्चनंतर बरीच झाडं पानं गाळून उभी असतात. मोगरा वैशाखात घमघमतो खरा, पण पाण्याशिवाय नाही. करवंदाला काटे, बहाव्याच्या शेंगा अंगणभर. मात्र मुळं एकदा खोल गेली की निर्गुडी, अडुळसा, धायटी, सीताफळ यांच्याकडे फारसं बघावं लागत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये बहावा पिवळा झाला की गवताची आठवण येत नाही. बॉक्सवुडच्या जागी कामिनी किंवा मेंदी कातरा, कुंपण तेवढंच नेटकं होतं. देशी-विदेशीचं सोवळं पाळायचंही कारण नाही. देवळाच्या दारातला पांढरा चाफासुद्धा मेक्सिकोकडून आलेला आहे.

फोटोतली मांडणी उचलतानाही दिशा तपासा. थंड देशातली बाग दक्षिणेचं ऊन गोळा करायला मोकळी ठेवलेली असते. आपल्याला पश्चिमेचं ऊन अडवायचं असतं. बसायची जागा पूर्वेला, पश्चिमेला झाड. खडी पसरलेलं मोठं अंगण मे मध्ये तापतं आणि रात्रीपर्यंत घर तापवत राहतं. लाकडाच्या सालीचं आच्छादन वाळवीला आवतण देतं, त्यापेक्षा सुका पालापाचोळा टाका, तो लवकर कुजून मातीत जातो. शहाबादी किंवा काळा दगड काहीही घाला, पण काळ्या मातीवर थेट नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी उचलली जाते. खाली मुरूम भरून ठोकून घ्या.

आता माझं मत. तिकडची झाडं सोडा, त्यांचा मोसम घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकची हवा त्या थंड किनाऱ्याच्या बरीच जवळ जाते, आणि पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, नॅस्टर्शियम, स्वीट पी ही हंगामी फुलं तेवढ्या दिवसांत जीव तोडून फुलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाका, ऊन तापलं की उपटून खतात घाला. म्हणजे कायमचा सांगाडा दख्खनी झाडांचा, आणि दारासमोर एक वाफा दरवर्षी नवा. घरात लहान मुलं असतील तर दीड-दोनशे फुटांचं लॉन ठेवा, तेवढं पाणी परवडतं. घर भाड्याने देणार असाल किंवा वर्षातले सहा महिने पुण्याला मुलाकडे असाल, तर लॉनचा विचारही नको.

इगतपुरी-त्र्यंबककडे फार्महाऊस असेल तर गणित थोडं बदलतं. इगतपुरीला पाऊस ३,००० मिमीच्या पुढे जातो, हवा दमट असते, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलगत सावलीत हायड्रेंजियाचा एखादा वाफा करून बघता येईल. पण तिथलाही पाऊस चारच महिन्यांचा, तेव्हा एप्रिलमध्ये पाणी घालायला माणूस आहे का, हे रोपं आणण्याआधी ठरवा. कायमची झाडं कुठेही लावणार असाल तरी खड्डे मे मध्ये खणून तापू द्या आणि रोपं पहिला चांगला पाऊस झाल्यावर आणा.