एकदम की टप्प्याटप्प्याने? ईआरपी सुरू करण्याआधी

ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळी खाती एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, ठरलंय, अ‍ॅडव्हान्सचा चेकही गेलाय आणि आता मीटिंगा अडल्यात त्या फक्त सुरुवात कशी करायची यावर, अशा लोकांसाठी हे लिहितोय. डोळ्यासमोर कंपनी साधारण अशी: साठ ते दोनशे माणसं, ऑफिस अंधेरीत, गोडाऊन भिवंडीला, कारखाना वसईला. पर्याय दोनच. एका तारखेला जुनं बंद आणि नवं सुरू. नाहीतर आधी परचेस, मग स्टोअर, मग बिलिंग, शेवटी अकाउंट्स असं वर्षभर सरकत जायचं.

टप्प्याटप्प्याने जाण्याचे फायदे खरे आहेत. चूक झाली तर एका खात्यापुरती होते. एका वेळी दहा-बारा माणसांनाच शिकवायचं असतं, त्यामुळे शिकवणारा प्रत्येकाच्या स्क्रीनकडे बघू शकतो. पैसेही एकदम जात नाहीत. बरेच इम्प्लिमेंटर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणारे, हाच मार्ग सुचवतात. त्यात तुमची काळजी असतेच, आणि प्रत्येक टप्प्याचं वेगळं बिल काढता येतं हेही असतं.

माझा कल मात्र दुसऱ्या बाजूला झुकला तो एकाच त्रासामुळे. दुबार नोंद.

भिवंडीच्या गोडाऊनला ट्रक लागतो. स्टोअर आणि परचेस नव्या सिस्टिमवर गेलेत, म्हणून स्टोअरकीपर माल तिथे जमा करतो. पण बिलिंग अजून जुन्यातच आहे. जुन्यात स्टॉक दिसला नाही तर बिल निघत नाही, म्हणून तोच माल, तेच नग, तोच चलन नंबर त्याला जुन्यातही टाकावा लागतो. पहिले काही दिवस तो दोन्हीकडे टाकतो. मग महिनाअखेर येते, दारात चार गाड्या उभ्या असतात आणि तो एकच नोंद करतो. कुठे? जिथून बिल निघतं तिथे, म्हणजे जुन्यात. त्याला दोष देता येणार नाही, गाडी सोडणं हेच त्याचं काम आहे. नव्यातला स्टॉक त्या दिवसापासून मागे पडायला लागतो. मग शनिवारी कोणीतरी एक्सेलमध्ये दोन्हींचा ताळा घालायला बसतो आणि कंपनीत एकाच मालाचे तीन आकडे फिरू लागतात.

एवढ्यावर निभावलं असतं, पण शेठ किंवा डायरेक्टर मीटिंगमध्ये सहज विचारतात, "जुन्यात किती दाखवतंय?" खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळतं की खरा आकडा कुठला मानला जातो. त्यानंतर ट्रेनिंग कितीही घ्या, पोस्टर लावा, बक्षिसं ठेवा, लोक नव्यात नोंद करतात ती दाखवण्यापुरती. 'आमच्या लोकांची मानसिकताच नाही' असं जे म्हटलं जातं, त्यातला बराच भाग मला या दुबार नोंदीचा वाटतो. दोनदा काम करून पगार एकदाच मिळणार असेल तर कोणीही टाळाटाळ करेल.

याचा अर्थ टप्पे वाईट असा नाही. आपल्याकडेच टप्प्यांनी झालेले मोठे बदल नीट पार पडलेत. शेअर बाजारात टी-प्लस-वन सेटलमेंट, म्हणजे सौदा दुसऱ्याच कामाच्या दिवशी पुरा करणं, आलं ते २५ फेब्रुवारी २०२२ ला, बाजारमूल्याने सगळ्यात लहान १०० शेअरपासून, आणि पुरं झालं २७ जानेवारी २०२३ ला. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, ऑक्टोबर २०२० मध्ये. ५ कोटींपर्यंत उतरायला ऑगस्ट २०२३ उजाडला. पण बारकाईने बघा: एखादा शेअर त्या दिवशी एकतर जुन्या पद्धतीत होता किंवा नव्या. एखादी कंपनी एकतर ई-इन्व्हॉइस काढत होती किंवा नव्हती. अर्धवट कोणीच नव्हतं. जिथे एकच गोष्ट दोन्हीकडे वावरते, तिथे टप्प्यांची किंमत मोजावी लागते. मुंबईच्या लोकलची वीज १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर नेली गेली ती वर्षानुवर्षं, तुकड्या-तुकड्याने. पश्चिम रेल्वेवर काम २०१२ मध्ये संपलं, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये, हार्बरवर २०१६ मध्ये. गाडी सीमा ओलांडणार होती, म्हणून दोन्ही विजांवर धावणारे रेक आणावे लागले. आपल्या कंपनीत असा रेक कोण असतो? तोच, भिवंडीचा स्टोअरकीपर.

म्हणून टप्पे पाडायचेच असतील तर खात्यांनुसार पाडू नका, जागेनुसार पाडा. वसईचा कारखाना अथपासून इतिपर्यंत नव्यावर, भिवंडी पूर्ण जुन्यावर, आणि दोघांमधली माल-हालचाल फक्त चलनावर. परचेस नवं आणि बिलिंग जुनं ही फाळणी कागदावर सुटसुटीत दिसते, पण एकच ऑर्डर चार खात्यांतून जाते, तिला चिरून ठेवता येत नाही.

आता एकदमच्या बाजूने बोलायचं तर तिचे धोकेही सोडून चालणार नाही. जीएसटी १ जुलै २०१७ च्या मध्यरात्री एका झटक्यात आला. खरेदीचं रिटर्न पुढे स्थगित झालं आणि सोय म्हणून आणलेलं ३-बी हे थोडक्यातलं रिटर्न आजही भरतोय. एकदम गेल्यावर पहिल्या आठवड्यात जे तात्पुरतं म्हणून करता, ते कायमचं होऊन बसतं.

पहिल्या सोमवारी अडतं कुठे, तर बहुतेक वेळा या तीन जागी. पहिली, मायनस स्टॉक. जुन्यात माल जमा व्हायच्या आधी बिल काढता यायचं, नवी सिस्टिम ते करू देत नाही, आणि गाडी भरलेली असते. इथे मायनस चालू द्या अशी मागणी येणारच. देऊ नका, त्याऐवजी माल जमा करणारा माणूस पहिल्या दोन आठवड्यांसाठी गेटवर बसवा. दुसरी, उधारी एकगठ्ठा चढवणं. समजा ग्राहकाची न फिटलेली बिलं १२ लाखांची, त्याचे ४ लाख 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, जमा, क्रेडिट लिमिट १० लाख. बिलं आणली आणि जमा आणायची राहिली, तर सिस्टिमला येणं १२ दिसतं आणि तुमच्या सगळ्यात चांगल्या ग्राहकाची ऑर्डर ब्लॉक होते. बिलावार आणा, न जुळवलेल्या जमांसकट. तिसरी, मोजमाप. खरेदी किलोत, विक्री नगात, आणि किलोत किती नग हे फक्त एका जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात.

शिवाय बारीकसारीक खूप. बिल नंबर १६ अक्षरांच्या पुढे गेला तर जीएसटीत चालत नाही. शाखा, वर्ष, खातं असं सगळं नंबरात कोंबायची हौस इथे महागात पडते. मंजुरी देणारा सुट्टीवर असेल तर त्याच्या जागी कोण, हे सिस्टिममध्ये आधीच भरलेलं हवं. नव्या पद्धतीमुळे कामगारांच्या पाळ्यांच्या वेळा हलणार असतील तर कायद्याने २१ दिवस आधी नोटीस लागते. हे एचआरला शेवटच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

तयारी मात्र दोन वेळा रंगीत तालीम केल्याशिवाय पुरी धरू नये, आणि तीही डेमोच्या नाही, आपल्याच डेटावर. गुरुवारी संध्याकाळी नव्या परचेस ऑर्डर थांबवायच्या, शुक्रवारी दुपारनंतर डिस्पॅच बंद, शनिवारी प्रत्यक्ष मोजणी, रविवारी शिल्लक चढवून ताळा. दुसऱ्या तालमीत घड्याळ लावा. रविवारचं काम रात्री आठपर्यंत संपत नसेल तर तारीख पुढे ढकला. मागे फिरायचा निर्णयही रविवारी रात्रीच घ्यायचा असतो. सोमवारी पहिलं ई-इन्व्हॉइस पोर्टलवर गेलं की ते रद्द करायला फक्त २४ तास मिळतात, नंतर क्रेडिट नोटांचा खेळ सुरू होतो. शिकवणं तारखेच्या फार आधी नको, दोन आठवडे पुरेत. आणि पहिले दहा-बारा दिवस आठ-दहा माणसांमागे एक जाणकार उभा हवा, फोनवर नाही, शेजारी.

एवढी दगदग करूनही मला एकदमच बरं वाटतं, कारण त्रास कडक असला तरी तो संपतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक जुन्याचं नावही घेत नाहीत, कारण जुन्यात पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. अर्थात औषधं, खाद्यपदार्थ असा बॅचवार माल असेल, किंवा चार-पाच कारखाने असतील, तर मी आग्रह धरणार नाही. तिथे जागेनुसार टप्पे हाच शहाणपणा. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एकाच नटबोल्टला सहा कोड असतील तर कुठलाही मार्ग घेऊ नका, आधी ते साफ करा.

राहता राहिली तारीख. सगळे १ एप्रिल म्हणतात, आणि तो नेमका अकाउंट्सचा सगळ्यात वाईट महिना. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आला की ट्रेनर अंधेरीत आणि तुमची माणसं कल्याणला अडकलेली. मग गणपती, मग दिवाळी. मला १ डिसेंबरच्या आसपासचा शनिवार-रविवार पटतो: मार्चपर्यंत चार महिने हातात राहतात आणि नोव्हेंबरची रिटर्न्स, म्हणजे ११ तारखेचं आणि २० तारखेचं, जुन्यातूनच शांतपणे भरता येतात. वर्ष दोन सॉफ्टवेअरमध्ये विभागलं जाणार हे ऑडिटरला आधी सांगून ठेवा. जुनं सॉफ्टवेअर काढून टाकू नका, कंपनीला हिशेब आठ वर्षं जपावे लागतात. फक्त नवी नोंद करायचे अधिकार सगळ्यांचे काढा. शेठचेसुद्धा.