आंबा प्रक्रिया उद्योजकांसाठी व्यवस्थापन वर्ग, रत्नागिरी: शिकवणाऱ्याने युनिट चालवलेलं असावं का?

रत्नागिरीत आंबा प्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी चालणाऱ्या या वर्गाला जावं का? जरूर जावं, पण कोणता विषय कोण शिकवतंय ते विचारून.

खर्चाचं गणित कॉलेजातले प्राध्यापक शिकवतात. मांडणी स्वच्छ. स्थिर खर्च ३ लाख, आमरसाची बाटली १२० रुपयांना, तिच्यामागे खर्च ८०. म्हणजे ७,५०० बाटल्यांवर ना नफा ना तोटा. फळ्यावर हे बरोबरच आहे. पण कॅनिंगचा, म्हणजे प्रक्रियेसाठी घेतला जाणारा आंबा मुख्यतः मे महिन्यात येतो आणि पाऊस लागायच्या आत सगळं उरकावं लागतं. या ७,५०० बाटल्यांसाठी आंबा, साखर, बाटल्या, मजुरी मिळून ६ लाख रुपये आधीच गेलेले असतात, वसुली मात्र दिवाळीपर्यंत रेंगाळते. नफ्यातलं युनिट बंद पडतं ते इथे. हंगाम काढलेल्या माणसाने याच उदाहरणाला महिनावार रोकडीचा तक्ता जोडला असता. इथे तो शेवटी घाईघाईत उरकतात.

कामाचं नियोजन शिकवायला आंब्याच्या गराचं (पल्प) युनिट चालवलेले गृहस्थ येतात, आणि फी इथेच वसूल होते. वीज गेली तर आधी काय थांबवायचं? कापणं. पिकलेलं अख्खं फळ क्रेटमध्ये दिवसभर निभतं. कापलेला गर काळा पडतो, आंबायला लागतो. म्हणून जनरेटरवर आधी कापलेला गर तापवून भरून घ्यायचा आणि कापणाऱ्या बायकांना लगेच डागी फळं निवडायला बसवायचं. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायचं?

उधारीच्या बाबतीत मात्र हेच गृहस्थ ‘उधार द्यायचंच नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यांचा सगळा माल एकाच निर्यातदाराकडे जायचा. महामार्गावरच्या दुकानांना माल घालणाऱ्याला हा सल्ला बिनकामाचा. तिथे प्राध्यापकांचाच तक्ता कामी येतो: येणं ३०, ६०, ९० दिवस असं विभागून लिहा, ६० ओलांडले की त्या दुकानाला पुढचा माल रोखीनेच.

व्यवस्थापनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी फ्रान्सचे हेन्री फेयोल यांनी १८८८ ते १९१८ खाण कंपनी चालवली आणि १९१६ साली व्यवस्थापनाची तत्त्वं मांडली. व्यवस्थापनावरचे नामवंत लेखक पीटर ड्रकर यांनी कारखाना चालवला नव्हता, पण १९४३ पासून जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचं कामकाज आत जाऊन बारकाईने पाहिलं. तेव्हा प्राध्यापकांनी कारखानदार व्हायलाच हवं असं नाही. पण वर्ग चालवणाऱ्यांनी त्यांना एक मे महिना एखाद्या युनिटच्या खरेदीच्या टेबलावर जरूर बसवावं. तोवर प्रवेश घेताना रोकडीचा तक्ता कोण शिकवणार हे विचारा, आणि गेल्या हंगामाची खरेदीची वही सोबत न्या.