भंगारात निघालेल्या टॅबलेट-लॅपटॉपवर डेबियन 12: चार स्टार, एक कॅमेऱ्यापायी कापला

भाचीचा 10 इंची टॅबलेट-लॅपटॉप, 2 जीबी रॅमवाला, कपाटात पडून होता, लातूरला गंजगोलाईजवळ एका दुकानात नेला तर पोरगं म्हणलं मामा भंगारात घाला की. लई राग आला राव, म्हणून त्याच्यावर डेबियन 12, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली लिनक्स सिस्टिम, टाकायचं ठरवलं.

घोळ असाय की या इंटेलच्या बे ट्रेल अ‍ॅटम चिपवाल्या मशीनमध्ये प्रोसेसर 64 बिटचा पण यूईएफआय (मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करणारं सॉफ्टवेअर) 32 बिटचं, त्यामुळं साधा 64 बिट इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावला तर त्याला दिसतच नाही, अन् मी येडा रात्रभर पेनड्राइव्ह खराब समजून बदलायलो. डेबियन 12 च्या 64 बिट इमेजमध्येच (पेनड्राइव्हवर टाकायच्या इन्स्टॉल फाइलीत) 32 बिट यूईएफआयची सोय आहे, लावलं की बूट. फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना लागणारं सॉफ्टवेअर) पण 2023 च्या या व्हर्जनपासून इन्स्टॉलरसोबतच येतं, वायफायसाठी वणवण नाही.

मग दुसरी कटकट. दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्क्रीन जागच्या जागी गार, माउस पण हलंना. मला वाटलं रॅम गेली, पण ही या चिपची जुनी खोड निघाली, सीपीयू गाढ झोपेत गेला की उठतच नाही. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगात) इंटेल आयडलचा मॅक्स सी-स्टेट, म्हणजे सीपीयूच्या झोपेची मर्यादा, 1 करून टाकला, तवापासून एकदा पण अडकलं नाही. बॅटरी जरा लवकर उतरती, चालतंय.

कॅमेरा मात्र मेलेलाच. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या बरं का, जड डेस्कटॉप 2 जीबीत रडतो. भाची पीडीएफ वाचायलीय त्याच्यावर, लाइट गेली तरी.