ऑलिम्पस टफ टीजी-६: नखाएवढ्या जिवांसाठी उत्तम, विस्तीर्ण प्रवाळासाठी तोकडा

ऑलिम्पसचा टफ टीजी-६ हा कॅमेरा २०१९ साली बाजारात आला. २०२३मध्ये त्याच्या पाठचा टीजी-७ निघाल्यावर मी टीजी-६ मुंबईच्या बोरा बाजारातून वापरलेल्या अवस्थेत घेतला. हा कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो. परंतु ओपन वॉटर या स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीच्या परवान्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येत असल्याने त्यासाठीचे ४५ मीटर क्षमतेचे हाउसिंगही, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायचे जलरोधक कवचही, घ्यावे लागले, आणि खर्चाचा विचार करताना या दोन वस्तू एकच समजाव्यात.

याचे खरे बळ मायक्रोस्कोप मोडमध्ये आहे. भिंगापासून अवघ्या एका सेंटिमीटरवरील वस्तूवर तो फोकस धरतो. सरावासाठी मी हाजीअलीच्या खडकांत ओहोटीला साचणाऱ्या डबक्यांत शर्टाच्या बटणाएवढी समुद्रफुले टिपली होती. पुढे मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ एक न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, दिसली. ती जेमतेम करंगळीच्या नखाएवढी होती. तिच्या पाठीवरील कल्ल्यांचा झुपका पाण्यात मला एक धूसर ठिपका वाटला होता, छायाचित्रात मात्र त्याची एकेक पिसासारखी शाखा वेगळी मोजता आली. इतक्या जवळ जाण्याच्या मोहात प्रवाळावर हात टेकवू नये, हे सांगायला हवे; कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि शरीर पाण्यात स्थिर तोलता येत नसेल त्याने कॅमेरा होडीतच ठेवावा.

प्रवाळाचा विस्तीर्ण देखावा टिपायचा असेल, तर मात्र हा कॅमेरा तोकडा पडतो. त्याचा सेन्सर लहान आहे आणि शटरचा वेग आपल्या हाताने ठरवण्याची सोय नाही. शिवाय पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेत असल्याने दहा मीटरवर लालसर मासाही राखाडी दिसतो. कॅमेऱ्यातील पाण्याखालच्या छटा दुरुस्त करणारा मोड उथळ पाण्यात उपयोगी पडतो, पण जो रंग भिंगापर्यंत पोहोचलाच नाही तो ओढून आणू गेल्यास चित्र दाणेदार होते. अंगचा फ्लॅश लावल्यास पाण्यात तरंगणारे कण पांढरे चमकतात आणि चित्रावर जणू पीठ भुरभुरल्यासारखे दिसते. म्हणून जादा भिंगांऐवजी आधी बाजूने उजेड टाकणारा चांगला टॉर्च आणि तो धरणारा दांडा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईकरांना आणखी एक अडचण येते. इथल्या दमट हवेत हाउसिंग बंद केले की आत अडकलेली वाफ थंड पाण्यात काचेवर धरते. त्यामुळे मी ते आदल्या रात्री एसीच्या खोलीत, आत सिलिका जेलची पुडी ठेवून बंद करतो, आणि त्याआधी ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगच्या फटीतून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, एखादा केस किंवा वाळूचा कण तर नाही ना, हे बोट फिरवून पाहतो.

हाउसिंग मात्र मी दुसऱ्या एका दुकानातून घेतले, आणि तिथला अनुभव चांगला नव्हता. दुकानदाराने ओ-रिंगसाठी ग्रीस म्हणून पेट्रोलियम जेलीची डबी दिली, वास्तविक उत्पादकाने सांगितलेलेच सिलिकोन ग्रीस लावायचे असते, कारण चुकीच्या ग्रीसने रिंग फुगते. सुदैवाने कॅमेरा न घालता, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून मी हाउसिंग घरच्या बादलीत बुडवून पाहिले, तेव्हा पेपरचा एक कोपरा भिजलेला निघाला. बादलीची चाचणी पुरेशी नाही, असे दुकानदार म्हणाले. प्रत्यक्षात खोल पाण्याच्या दाबाने रिंग अधिक घट्ट बसते, आणि गळती बहुधा उथळ पाण्यातच होते. बरेच बोलणे झाल्यावर त्यांनी रिंग बदलून दिली, आणि नव्या रिंगचे पैसे बिलात वेगळे लावले.